दुपारचं दळण

दिवाळी अंकाची मंडळी घरी आली तेव्हा मी चाळण धूत होते. म्हणाले, "काकू, तुमची यशोगाथा लिहा. जोडधंदा करून तुम्ही आरोग्य विम्याचा हप्ता कसा उभा केला, ते इतर बायकांना कळू द्या. शेवटी एखादा संदेश टाका." मी म्हटलं, संदेश माझ्याकडं नाही, तक्रारी आहेत. चालत असतील तर लिहिते. त्यांनी मान हलवली. आता यात कुणी कापाकापी केली तर त्याच्या घरचं दळण मी घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात आमची पिठाची गिरणी आहे. बोर्डावर नाव नवऱ्याचं, उभं राहायचं काम माझं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही इथं तात्याच लिहिते. बाहेरच्या माणसाला वाटतं, डबा ओतला, बटण दाबलं, झालं पीठ. तसं नसतं. आत दोन दगड असतात. ते झिजून गुळगुळीत झाले की पीठ तापतं आणि भाकरी चिरफळते. मग दगड उघडून छिन्नी-हातोड्यानं त्याला पुन्हा खरखरीत करायचं, त्याला टाकी मारणं म्हणतात. ते काम तात्यांचं. माझं काम पुढं उभं राहून पीठ बोटांत धरून बघायचं, आणि डबे ओळखायचं.

डबा उघडला की घर दिसतं. ज्या घरात वर्षानुवर्षं गहू, तिथून एकदम नुसती ज्वारी यायला लागली आणि आणणारीचा चेहरा उतरलेला असला, की समजावं, कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट आलाय. अर्ध्या बेलापूरची शुगर मला डॉक्टरच्या आधी कळत होती. आमच्या घरातली मात्र उशिरा कळली. तात्या दोन वर्षं पाणी पीत होते घागरीनं, आणि मी उन्हाळ्याला शिव्या देत होते.

तर विम्याची गोष्ट. तात्यांच्या बहिणीचा मुलगा प्रशांत श्रीरामपूरला विमा एजंट आहे. तो आम्हा दोघांच्या पॉलिसीचा अर्ज घेऊन आला. सरकारी योजनेचं कार्ड आमच्याकडं होतंच आणि त्याला मी नावं ठेवत नाही, माझ्या जावेचं ऑपरेशन त्यावरच झालं. पण माझं म्हणणं, आपल्या हातात आपलंही काही असावं. अर्जात एक रकाना असतो, आधीपासूनचे आजार. प्रशांतनं पेन टेकवलं आणि म्हणाला, "मामी, मामांच्या पुढं निरंक लिहितो."

"का? गोळ्या काय मी खाते?"

"सगळे तेच लिहितात."

तात्या आतून ओरडले, "लिव्ह रे निरंक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी त्याच्या हातातला अर्ज ओढून घेतला. कारण मला माहीत होतं, पुढं काय होतं ते. आमच्याच आळीत एकाचं झालं होतं. अर्जात लिहिलं, आजार नाही. पुढं छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? खाटेवर पडलेला माणूस घाबरलेला असतो, तो खरं बोलतो. आठ वर्षांपासून, म्हणाला. ते केसपेपरवर चढलं. अर्जात एक, केसपेपरवर दुसरं. कंपनीनं हात वर केले, आणि इतकी वर्षं भरलेला हप्ता पाण्यात. म्हणजे जो माणूस आयुष्यात एकदाच खरं बोलला, त्याला खरं बोलल्याची शिक्षा. मला हे पटत नव्हतं, म्हणून मी खरं आधीच लिहायला लावलं.

पहिल्या कंपनीनं अर्ज परत पाठवला. दुसरीनं घेतला, पण हप्ता वाढवला, आणि वर अट घातली की पहिली तीन वर्षं शुगरमुळं होणाऱ्या कुठल्याही दुखण्याला एक पैसा मिळणार नाही. प्रशांत म्हणाला, "बघा मामी, खरं बोलायला जास्त पैसे पडतात."

"पडू दे. भरीन मी."

तात्या हसले. "कुठनं? नाकापरीस मोती जड झालाय."

"जोडधंदा करीन."

"दात कोरून कुटं पोट भरतं व्हय?"

त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं धंदा केला, हे त्यांना अजून माहीत नाही. आता वाचतील.

प्रशांत मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघायचा. त्यानं एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. सगळ्या गावाला सगळं विकायला जाऊ नका मामी, ठरावीक गिऱ्हाईक धरा आणि त्याला लागणारी एकच वस्तू नीट द्या. माझं ठरावीक गिऱ्हाईक तर रोज दारात रांग लावत होतं. ज्वारी, जव, नाचणी, हरभरा आणि बेताची मेथी, असं दळण मी घरात तात्यांसाठी करतच होते. तेच विकायचं ठरवलं. पेंटर बोलावला आणि गिरणीवर मोठा बोर्ड लावला, 'मधुमेही व्यक्तींसाठी खास पीठ मिळेल'.

दोन आठवडे एक माणूस फिरकला नाही. वर रोजची गिऱ्हाइकंही कमी झाली. मला काही कळेना. शेवटी शेजारचे वस्ताद आले. आमच्या गिरणीच्या भिंतीला लागून तालीम आहे, तिथं ते पोरांना कुस्ती शिकवतात. ऐन म्हातारपणातही मान बैलासारखी. ते आत आले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, तेवढा बोर्ड काढा. माजी पोरं इचारत्यात, वस्ताद गिरनीत कशाला गेल्ते म्हनून."

"कशाला आल्ता?"

"दोन किलो द्या. पन बोर्ड आदी काढा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुगर सगळ्यांना आहे, पण ती कुणाला आहे हे कुणाला कळायला नको. पोरीची सोयरीक मोडेल, लोक म्हणतील हा आता कामाचा राहिला नाही. बोर्ड लावल्यापासून माझ्या गिरणीत साधा गहू घेऊन येणाराही शुगरवाला ठरत होता. मी त्याच दिवशी बोर्ड उतरवला आणि त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. धंदा त्यानंतर सुरू झाला. बाई नेहमीसारखी ज्वारीचा डबा आणून ठेवी, बाकीचं धान्य माझ्याकडचं मी मिसळी. डबा बघून कुणाला काही कळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. गिरणीत आधीच्या धान्याचं थोडं पीठ दगडात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं, म्हणून ज्वारीमागं ज्वारी, गव्हामागं गहू असा क्रम लावावा लागतो. मेथीचं मी विसरले. एका शुगरच्या डब्यामागं लग्नघरचा गहू घातला. त्यांच्या पोळ्या कडू झाल्या, आणि नवरीची आई मांडवातून तरातरा माझ्याकडं आली. तिला दुप्पट गहू दळून दिला आणि तेव्हापासून मेथीचं दळण दुपारी दोनला, सगळे डबे संपल्यावर. त्यानंतर दगडातून चार मुठी कोंडा काढायचा, की संध्याकाळचं दळण गोड. हळूहळू चोवीस घरं झाली. श्रीरामपूरच्या एका निवृत्त नर्सबाई तर त्यांच्या कॉलनीतल्या बायकांसाठी एकदम पोतंच न्यायच्या, आणि टेम्पोवाल्याला मोठ्यानं सांगायच्या, "सांभाळून रे, शुगरचं पीठ आहे." मला त्या बाईचं फार कौतुक वाटायचं. हप्ता त्या पिठातून सुटायला लागला. तात्यांनी दात कोरण्याचा विषय काढणं बंद केलं.

एका गोष्टीचा मला आजही सल आहे. गावातल्या एका गुरुजींची आई माझं पीठ न्यायची. गोड म्हातारी, ओट्यावर बसून माझ्याशी गप्पा मारायची. एकदा म्हणाली, "तुज्या पिठानं लई बरं वाटतंय गं, गोळ्या बंद केल्या म्या." मी हसले. मला माझ्या पिठाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. महिन्यानं ती चक्कर येऊन मोरीत पडली आणि खुबा मोडला. पुन्हा ओट्यावर बसायला आली नाही ती. गुरुजी मला काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझा नियम आहे, पीठ हे औषध नाही, आणि आज गोळी घेतली का याला 'हो' आल्याशिवाय मी डबा देत नाही. काही जण रागावून दुसरीकडं गेले. जाऊ देत. पॅकिंग करून त्यावर 'साखर मुळापासून बरी' असं छापू म्हणणारा एक पुण्याचा व्यापारीही आला होता. त्याला मी चहा न देता घालवला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गिरणीत चप्पल घालत नाहीत. पीठ म्हणजे अन्न, त्यात पायताण कसं घालायचं? दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, शुगरच्या माणसानं अनवाणी राहू नये, पायाला लागलेलं कळत नाही. मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पिठात चप्पल? लक्षुमी हाय ती." आणि मी गप्प बसले, कारण माझ्याही मनात तेच होतं. कंपनीशी भांडणारी मी, चपलेपुढं नमले.

तीन वर्षांची अट संपून चार महिने झाले होते. तात्यांनी दगडाला टाकी मारली. त्यातली एक कपची त्यांच्या अंगठ्यात शिरली आणि त्यांना पत्ताच नाही. मला चादरीला लागलेला डाग दिसला तेव्हा अंगठा काळा पडला होता. श्रीरामपूरला दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर पाऊल. विमा कंपनीची मंजुरी आणा, नाहीतर पैसे भरा. पैसे भरायचे म्हणजे गिरणीची नवी मोटार विकायची. मी म्हटलं, मंजुरी येईल. सगळं खरं लिहिलंय आपण.

मंजुरी आली नाही, तपासणीस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, सभ्य पोरगा. तो आधी बेलापूरला जाऊन आला होता. हॉटेलात, सलूनमध्ये, तालमीत, सगळीकडं त्यानं एकच प्रश्न विचारला, गिरणीवाल्या तात्यांना शुगर किती वर्षांपासून आहे? लोकांनी फाईल बघितली आणि ओळखलं की विमावाला आलाय. तात्या अडचणीत आहे, त्याला वाचवायला पाहिजे. मग काय विचारता.

"शुगर? तात्याला? साहेब, येका हातानं पोतं उचलतो तो."

पाच जणांनी पाच तऱ्हेनं हेच सांगितलं. वस्तादांनी तर वर जोडलं की तात्या रोज पावशेर जिलबी खातो.

तपासणीस माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाई, अर्जात शुगर आहे. खाटेवरच्या पेशंटला शुगर आहे. पण तुमच्या गावात ज्या तात्यांना ओळखतात त्यांना शुगर नाही. मग हा पेशंट कोण आहे?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. त्याचं म्हणणं, आम्ही दुसऱ्याच कुणाला तरी तात्यांच्या कार्डावर दाखल केलंय. असे प्रकार होतात, म्हणाला. आधारवरचा फोटो त्यानं तात्यांच्या चेहऱ्याशी लावून बघितला. त्या फोटोत मी स्वतः त्यांना ओळखलं नसतं. म्हणजे जन्मभर ज्यांनी खोटं लिहिलं त्यांची बिलं कुठंतरी निघाली असतील, आणि मी खरं लिहिलं म्हणून माझा नवरा खोटा ठरला. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले नाही, मी त्याला म्हटलं, "उद्या दहाला या. तुम्हाला तात्या दाखवते."

प्रशांत म्हणाला, "मामी, तुमची वही दाखवा." माझी एक वही आहे. त्यात दुपारच्या दळणाचं प्रमाण आणि नावं, कुणाला हरभरा सोसत नाही, कुणाला मेथी कमी. पहिल्या पानावर तात्या, तारखेसकट. ती दाखवली असती तर तिथल्या तिथं काम झालं असतं. पण पुढच्या पानांवर चोवीस घरं होती.

"ती वही मी चुलीत घालीन," मी म्हटलं, "पण त्याच्या हातात देणार नाही. बोर्ड काढायला लावला होता लोकांनी, कशासाठी?"

"मग मामांचं पाऊल?"

मी एसटीनं बेलापूरला आले आणि तालमीत शिरले. बाईनं तालमीत जायचं नसतं. मी गेले. वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती खणत होते. पोरं बाहेर गेली.

"वस्ताद, काय सांगितलंत त्या साहेबाला?"

"चांगलंच सांगितलं की. तात्याचं नाव राखलं."

"नाव राखलं, पाऊल चाललंय." मी त्यांना सगळं सांगितलं. ते फावड्यावर हात टेकून ऐकत राहिले.

"मग आता काय म्हनू? आज न्हाई म्हनलो आनि उद्या हाय म्हनू? तो इचारंल, तुला काय ठावं?"

"इचारंलच."

"मग?"

"मग काय ते तुमचं तुमी बघा. तुमचं नाव माझ्या तोंडातून निघणार न्हाई, मोटार इकावी लागली तरी." एवढं बोलून मी निघाले. शेवटच्या गाडीपर्यंत मोटारीला गिऱ्हाईक बघायला दोघांना फोनही केले.

दुसऱ्या दिवशी तपासणीस साडेनवालाच आला. दहा वाजले, सव्वादहा झाले. तात्या खाटेवरून माझ्याकडं बघत होते, मी दाराकडं. वस्ताद आले ते इस्त्रीचा सदरा घालून, स्पर्धेला जातात तसे. नमस्कार न करता उभ्या उभ्या बोलले.

"साहेब, काल मी खोटं बोललो. ह्यो तात्याच हाय आनि त्याला शुगर हाय. धा वर्सं."

"तुम्हाला कसं माहीत?"

वस्तादांची मान खाली गेली नाही. "मी त्याच्याच गिरनीचं तेच पीठ खातो. मलाबी हाय. लिवून घ्या, सही करतो."

वॉर्डात आठ खाटा होत्या, आणि त्यातल्या दोन बेलापूरच्याच. संध्याकाळपर्यंत गावात बातमी गेली असणार, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी सही केली, तारीख घातली, खाली 'वस्ताद' असंही लिहिलं. गुरुजींनीही शाळेतून फोनवर साक्ष दिली. त्यांना मी सांगितलं नव्हतं, वस्तादांनीच सांगितलं असणार. दुपारी मंजुरी आली, थोडी काटछाट करून. अंगठा गेला, पाऊल राहिलं. मोटारही राहिली.

मी वस्तादांना सोडायला पायऱ्यांपर्यंत गेले. आभार मानायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "वहिनी, येक इचारू? त्या अर्जात तुमच्या नावाम्होरं काय लिवलंय?"

माझा हात कमरेच्या पदराकडं गेला.

"आपली भिंत येक हाय. दुपारचं दळान झालं, मोटार बंद झाली, की तुमचा खोकला मला ऐकू येतो. कवाधरनं ऐकतोय. तुमी कमरंला ती फुसफुशी खोचता, तीबी बगितलीय." आणि ते एसटी स्टँडकडं चालायला लागले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तात्यांच्या रकान्यासाठी मी अर्ज ओढून घेतला होता, आणि त्याच अर्जात माझ्या नावापुढं प्रशांतनं निरंक लिहिलं तेव्हा मी चहा ठेवायला उठले होते. पिठाची धूळ छातीत बसते, गिरणीवाल्यांना होतंच हे. ती फुसफुशी म्हणजे तोंडात मारायचा पंप, डॉक्टरनं अर्जाच्या आधीच दिला होता. मी स्वतःला सांगितलं, हा काय आजार आहे, ही तर धूळ आहे. दोघांचे आजार लिहिले असते तर हप्ता मला झेपला नसता, हेही खरं. पण खरं कारण ते नाही. दमेकरी बाईच्या हातचं पीठ लोक घेतील का, ही भीती होती. वस्तादांना तालमीची होती, तशी मला गिरणीची.

मग मी काय केलं? तात्यांचं बिल पूर्ण मिटेपर्यंत गप्प बसले. तेही इथं लिहून ठेवते, उगाच देवी व्हायचं नाही मला. त्यानंतर कंपनीला पत्र पाठवलं, माझ्या हातानं, मराठीत. प्रशांत चिडला. म्हणाला, ते तुमचं नाव पॉलिसीतून काढून टाकतील, आणि या वयात नवीन कोण देणार? काढू देत. लढीन. गिरणीत आता तोंडाला फडकं बांधते, तात्यांना रबरी चप्पल घालायला लावली आहे, वेगळी ठेवलेली, फक्त आत वापरायची. लक्षुमी अजून गेलेली नाही.

कंपनीचं उत्तर आलेलं नाही. ते येण्याआधी हा अंक गावात येईल, आणि चोवीस घरं वाचतील. ज्यांना आपले डबे दुसऱ्या गिरणीत न्यायचे असतील त्यांनी न्यावेत. त्या रकान्यात जे मी लिहायला हवं होतं, ते संपादकांनी अक्षरही न बदलता इथं छापावं. नाव मंदाकिनी. धंदा, पिठाची गिरणी. आजार, दमा, पाच वर्षांपासून. पंप रोज घेते.